ईरम्माची चौदा गाणी

तुम्ही कधी एखाद्या यंत्रापुढं हात जोडलेत का? देवापुढं जोडतो तसे, डोळे मिटून, अगदी मनापासून? महादेवीनं जोडले होते. चैत्रातल्या एका गुरुवारी, टळटळीत दुपारी, सोलापुरातल्या भर बाजारपेठेच्या एका तळघरात. हसू नका. काय झालं ते आधी ऐका.

महादेवी काही कॉम्प्युटर शिकलेली बाई नव्हे. घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून ती दुकानांना पुरवायची. लॅपटॉप होता तिच्या लेकीचा, तेजश्रीचा. लग्न होऊन तेजश्री कुंभारीला सासरी गेली, तेव्हा जुना झाला म्हणून आईकडंच ठेवून गेली. पण त्या जुन्या डब्यात महादेवीचा जीव अडकला होता. त्यात तिच्या आईचा आवाज होता.

आई, म्हणजे ईरम्मा, अक्कलकोटकडची. जात्यावरची, न्हाणाची, पाळण्याची कानडी गाणी तिला तोंडपाठ. शेवटच्या उन्हाळ्यात महादेवीनं तिला खाटेवर बसवून फोनमध्ये चौदा गाणी भरून घेतली होती. फोनमध्ये जागा उरेना, म्हणून तेजश्रीनं ती लॅपटॉपमध्ये टाकली आणि फोनमधून पुसली. दोन महिन्यांनी ईरम्मा गेली. त्याला तीन वर्षं झाली. आईचे फोटो होते, दोन इरकली लुगडी होती. आवाज तेवढा त्या लॅपटॉपमध्येच, दुसरीकडं कुठंच नाही.

आता तेजश्रीला मुलगी झाली होती. रविवारी बारसं. बाळाला पाळण्यात घालताना पणजीचंच गाणं लावायचं, असं मायलेकींनी ठरवलं होतं. ते गाणं चौदावं, शेवटचं.

मंगळवारी महादेवीनं लॅपटॉप उघडला, तर पडदा उजळून तसाच राहिला. आतून आवाज येत होता. टक्… टक्… खर्र… टक्. तिला वाटलं, पंख्यात कचरा अडकला असेल. तिनं बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा केला. दोन दिवस तेच चाललं होतं. गुरुवारी दुपारी पिशवीत घालून ती नवनाथच्या दुकानात आली.

नवनाथ तिशीतला. तळघरातल्या एका गाळ्यात तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. महादेवीच्या चटणीचं जुनं गिऱ्हाईक.

"किती वेळा चालू केला, काकू?"

"पंधरा… वीस वेळा असंल की."

नवनाथनं कपाळाला हात लावला. मग स्क्रू काढून त्यानं आतली हार्ड डिस्क बाहेर घेतली. तळहाताएवढी चपटी डबी. तार लावून ती त्यानं आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि नारळ वाजवून बघावा तशी कानाशी धरली.

"ऐका. आत आरशासारखी थाळी फिरती. तिच्यावर एक सुई. एखादी जागा खराब झाली की सुईला वाचता येईना. मग ती मागं येती, परत तीच जागा वाचायला बघती. टक् म्हणजे तेच. दहा-दहा वेळा एकच तुकडा. आणि तसं करताना थाळीला ओरखडे पडत्यात."

"मग आता?"

"आता एकच डाव. निघंल तेवढं काढून घ्यायचं. आधी काय पाहिजे सांगा. लग्नाचे फोटो बी हायत की हितं."

"फोटो जाऊ दे. चौदा गाणी हायत आईची. ती काढ बाबा."

"बघा हं. नंतर म्हणाल, जावयाचा फोटो गेला."

"जावई रोज दिसतोय की. आई कुटं दिसती?"

नवनाथ हसला. त्यानं गाणी निवडून कॉपीला लावली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली.

"चांगली डिस्क असती, तर चहा यायच्या आत काम झालं असतं. आता तास लागंल, नाहीतर दिवस. एका गिऱ्हाइकानं मोबाइलवर बघून डिस्क फ्रीजमध्ये ठेवली होती, भेंडीच्या शेजारी. तसलं काय करू नका म्हणजे झालं. आणि गाणं लावून बघायचं न्हाय. सुईला दुप्पट काम पडतं. निस्तं बसायचं."

एवढ्यात त्याला एका दवाखान्यातून फोन आला. तिथला प्रिंटर अडला होता. अर्ध्या तासात येतो म्हणून तो गेला. जाताना ऊन आत येऊ नये म्हणून शटर अर्धं खाली ओढून गेला.

महादेवी एकटी राहिली.

सोलापूरची चैत्रातली दुपार तुम्हाला ठाऊक असेल. दोन वाजले की बाजार डोळे मिटतो. तळघरातले बाकीचे गाळे जेवणासाठी बंद झाले होते. जिन्यावरून कोणी उतरत नव्हतं. तापलेल्या धुळीचा आणि प्लॅस्टिकचा वास कोंडून राहिला होता. पंखा कुरकुरत होता. मग लाइट गेली आणि तोही थांबला. बॅटरीवर कॉम्प्युटर तेवढा चालू राहिला, स्पीकरसकट. त्याच्या निळसर उजेडात महादेवीला स्वतःचे हात परक्यासारखे दिसले.

तीन गाणी निघाली. चौथ्यावर पट्टी थांबली.

टक्… टक्… टक्…

पाच मिनिटं झाली. दहा झाली. प्रत्येक टक् तिच्या काळजावर ओरखडा काढत होता. तेव्हाच तिनं त्या डबीपुढं हात जोडले. "एवढं कर बाबा. परत काय मागणार न्हाय."

काही झालं नाही. आणि मग तिच्या मनात आलं, आत खरंच आईचा आवाज आहे ना? का नुसत्याच रिकाम्या फाइली निघतायत? नवनाथनं बजावलं होतं ते तिला आठवत होतं. तरी तिचा हात माउसवर गेला. तिनं चौथं गाणं लावलं.

स्पीकरमधून ईरम्माचा थरथरता सूर आला. दोन ओळी. महादेवीचे डोळे भरले. मग टक्. सूर तुटला, आणि त्याच आवाजात हाक आली.

"मादेवी…"

टक्.

"मादेवी…"

टक्.

"मादेवी…"

महादेवीच्या माहेरी एक रीत होती. एकटं असताना नावानं हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. जे आपलं नसतं, त्याला तिसऱ्यांदा हाक मारता येत नाही म्हणतात. तिसरी हाक आली, की खुशाल ओ द्यावी. महादेवी लहानपणापासून असंच मोजत आली होती. आताही तिनं नकळत मोजलं. तीन झाल्या.

"ओ," ती म्हणाली.

टक् टक् थांबली. पट्टी सरसर पुढं गेली. चौथं गाणं निघालं. पाचवं निघालं. सहावं निघालं.

महादेवीनं गाणं बंद केलं आणि पदरानं तोंड पुसलं. रेकॉर्डिंग करताना आई मधेच पाण्यासाठी हाक मारायची, तीच हाक भरली गेली असेल, अशी तिनं समजूत घातली. सातव्या गाण्यावर पट्टी पुन्हा अडली.

"मादेवी…"

गाणं तर बंद होतं.

"ओ… आई," ती म्हणाली, आणि सातवं निघालं.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. पट्टी अडायची. हाक यायची. ओ दिली, की पुढं जायची. अकराव्या गाण्यापाशी महादेवीला तहान लागली म्हणून ती पाण्याच्या बाटलीसाठी वाकली, आणि तिला टेबलाखाली स्पीकरची तार दिसली. तिची पिन निसटून लोंबत होती. पायानं केव्हा ओढली गेली होती, तिला ठाऊक नव्हतं.

"मादेवी…"

हाक स्पीकरमधून येत नव्हती. डबीतूनही नाही. शटरच्या बाजूनं येत होती.

तेव्हा तिला नवनाथचं बोलणं आठवलं. दहा-दहा वेळा एकच तुकडा. मघाशी तिनं तीन हाका मोजल्या होत्या. त्या तीन नव्हत्याच. एकच हाक होती, सुई अडकून तीनदा ऐकू आलेली. आणि त्या एका हाकेला तिनं ओ दिली होती.

महादेवी ताठ झाली. ओठ घट्ट मिटून बसली. डबी टकटकत राहिली. एक ओरखडा, दुसरा, तिसरा…

"कुटं हायस गं?"

आवाज आईचाच होता. तेच घोगरं 'गं'. टकटक वाढली, खरखर सुरू झाली. थाळी खरवडली जात होती. आई पुसली जात होती.

"हितंच हाय," महादेवी कुजबुजली.

अकरावं निघालं. बारावं निघालं.

"संगं कोण हाय?"

"…कुणी न्हाय."

तेरावं निघालं. चौदावं सुरू झालं. पाळणा. पट्टी अर्ध्यावर गेली, पाऊण झाली, आणि अगदी टोकाला, नखाएवढं अंतर राहिलं असताना थांबली. तळघरात ओल्या मातीचा वास आला. बाहेर महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नव्हता.

"मादेवी… आत येऊ का?"

ईरम्मा लेकीच्या घरात कधी विचारून आली नव्हती. दारातूनच "चहा टाक" म्हणत आत यायची. हे महादेवीला कळत होतं. सगळं कळत होतं. शटरखालून दिसणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात कोणीही उभं नव्हतं. तरी तिथं कोणीतरी वाट बघत होतं.

टक्… खर्र… टक्… खर्र…

रविवारी पाळणा सजणार होता. त्या लेकरानं पणजीला पाहिलं नव्हतं, कधी पाहणारही नव्हतं. तेवढा एक सूर तिला मिळणार होता. नखाएवढं अंतर.

"…ये," महादेवी म्हणाली.

पट्टी भरली. टकटक थांबली. सगळंच थांबलं.

शटर खडखडत वर गेलं तेव्हा ती किंचाळली. नवनाथ घाम पुसत उभा होता.

"अवो काकू, मी हाय! कुणाशी बोलत होता? जिन्यात वाटलं, दोघी बायका बोलतायत."

लाइट आली, पंखा फिरू लागला. नवनाथनं पडदा पाहिला आणि तो खूश झाला. "चौदाच्या चौदा? लई नशीबवान बघा तुमी!" मग तार काढायला त्यानं डबी उचलली आणि झटकन खाली ठेवली.

"आयला… गार पडलीय की. फ्रीजमधनं काढल्यागत. चालू डिस्कला हात लावला तर चटका बसतो, काकू." त्यानं ती कानाशी धरली. "ही फिरतच न्हाय. कवाच मेलीय ही."

नवनाथनं गाणी पेन ड्राइव्हवर घातली. "हितंच राहू दे आजची रात्र. उद्या सकाळी एकेक लावून तपासतो, मग न्या. घाईत चुकायला नको."

ती चालत घरी गेली. वाटेत तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. घरी येऊन दाराला आतून कडी घातली, आणि मग कडी लावून आता उपयोग काय, असं तिच्या मनात आलं. त्या रात्री तिनं दिवा मालवला नाही. तेजश्रीचा फोन आला, "गाणं मिळालं का गं आई?" म्हणून. "मिळालं," एवढंच ती म्हणाली. तेही आधी लेकीला तीनदा हाक मारायला लावून, मगच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवनाथनं तिच्यासमोर चौदाही फाइली लावून पाहिल्या. गाणी सगळी शाबूत होती, पाळणाही. ती हाक एकाही फाइलीत नव्हती. फक्त प्रत्येक गाणं संपलं, की ईरम्मा दबक्या आवाजात, घाईघाईनं, एक वाक्य बोलत होती, जे तीन वर्षांपूर्वी ती बोललीच नव्हती. "मादेवी, ओ देऊ नगंस."