कोरं पाणी

सकाळी आल्यावर पहिलं काम पाण्याचं. गाळून गाळून ज्यात काहीच उरलेलं नाही असं पाणी सिरिंजमध्ये भरायचं, मशीनमधून सोडायचं आणि पडद्यावर काही उमटत नाही ना ते बघायचं. याला आम्ही ‘कोरं’ म्हणतो. कोरं झालं की मग माणसाचा नमुना. दोन नमुन्यांच्या मध्ये पुन्हा कोरं, म्हणजे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. इतकी वर्षं झाली, आता माझे हात मला न विचारताच पाणी भरतात.

मशीन हॉस्पिटलच्या तळघरात आहे. खिडकी नाही, घड्याळ आहे, एक खुर्ची आहे जिची पाठ माझ्या पाठीसारखीच एका बाजूला कललेली. व्हॅक्यूम पंप अखंड घुमत असतो. घरी शांतता असली की मला झोप येत नाही.

काम सांगायला सोपं. प्रोटीन म्हणजे कड्यांची साखळी. सुईच्या टोकातून तिचं धुकं करायचं, धुक्याला विजेचा भार द्यायचा, आणि असे भारलेले रेणू, म्हणजे आयन, निर्वात सापळ्यात धरून त्यांच्यावर लेझरचा झोत टाकायचा. साखळी फुटते. तुकड्यांची वजनं पडद्यावर रेघा होऊन उभी राहतात. कोणती कडी बदलली आहे ते त्यातून वाचायचं. फोडल्याशिवाय वाचता येत नाही, हे आमचं शास्त्र.

त्या आठवड्यात दादाचा नमुना आला.

दादा वरच्या मजल्यावर होता. हृदयात एक प्रोटीन साचत चाललं होतं. काळीज जड होतं म्हणतात ते त्याच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं. वडील असेच दमत दमत गेले, तेव्हा कुणी तपासलं नव्हतं. आता प्रश्न एकच होता. हे वयाने येणारं आहे, की घरातून उतरलेलं? उतरलेलं असेल तर साखळीतली एक कडी बदललेली असणार. मग दादाच्या मुलीलाही तपासायचं. आणि मलाही.

“औषध त्यावरच ठरेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नात्यातलं आहे, तुम्हाला जड जाईल. पण दुसरं कोण आहे मशीनवर?”

कोणी नव्हतं.

नुसतं अख्ख्या साखळीचं वजन करून भागत नाही. साचलेल्या प्रोटीनला इतका गाळ चिकटलेला असतो की एका कडीचा फरक त्यात बुडून जातो. म्हणून लेझर. मी झोत टाकला. साखळी फुटली नाही. जोर वाढवला, तरी नाही. पडद्यावर तीच एक उंच रेघ. दादा लहानपणी मार खातानाही असाच उभा राहायचा.

दुपारी जेवून आले, नमुना पुन्हा लावला आणि थकव्यात लेझरचं शटर उघडायला विसरले. आमच्यात ही चूक सगळेच करतात. अख्खी रेघ दिसते, आपण कपाळाला हात लावतो आणि शटर उघडतो.

मी परत पडद्याकडे पाहिलं तेव्हा शटर बंदच होतं, आणि साखळी फुटत होती.

लेझरने फुटते तशी नाही. तो घाव सगळीकडे एकदम बसतो. इथे टोकाची एक कडी सुटत होती. थोड्या वेळाने तिच्या शेजारची. जशी कुणी वीण उसवावी, घाई न करता. खरं तर सापळ्यात दर वेळी नवे आयन येतात, आधीच्यांचं काय झालं ते नव्यांना ठाऊक असायचं कारण नाही. तरी सापळ्यातली प्रत्येक नवी खेप आधीची थांबली तिथूनच पुढे चालू होत होती.

मी लेझरवाल्याला बोलावलं. मिशाळ, बडबडा माणूस. त्याने झाकणं उघडली, आत डोकं घातलं, शेवटी लेझरचा वीजपुरवठाच तोडला.

“ताई, ही बघा चावी. चालली माझ्या खिशात. आता यातून काजव्याएवढा उजेड निघाला तर मिशी उतरवून देतो.”

दुसऱ्या पेशंटचा नमुना लावला. अख्खी साखळी, ढिम्म हलली नाही. कोरं सोडलं. कोरं. मग पुन्हा दादाचा.

पुढची कडी सुटली.

लेझरवाल्याने पडद्याकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि अवजारं भरायला लागला. “पुरवठा जोडायला उद्या येतो,” एवढंच म्हणाला. चावी त्याने परत दिली नाही, मीही मागितली नाही.

मारलं तर मोडेना, सोडलं तर राहीना. कोडं घालावं तसं. पण उत्तर हवं होतं, आणि मिळायची वाट ही एकच होती: लेझर बंद ठेवायचा आणि बसून राहायचं.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. तिने तो दादाच्या उशाशी ठेवला.

“काय गं चिमे, पोचलो का मी तुझ्या तळघरात?”

“पोचलास. छळतोयस.”

“सवयच आहे मला ती.” तो हसला आणि त्याला धाप लागली. “काल दुपारपासून एक गंमत होतेय. दमतोय, पण दुखत नाही. कुणीतरी अंगावरचं ओझं एकेक करून उतरवतंय, असं.”

फोन की-बोर्डाशेजारी होता. त्याचा श्वास घरघरत आत जात होता, अडखळत बाहेर येत होता.

श्वास सुटला की कडी सुटत होती.

मी डोळे चोळले. घड्याळाकडे पाहिलं. पंपाचा ठेका असेल, म्हटलं. पंपाला ठेका नसतो. तो एकसुरी असतो, म्हणून तर झोप लागते.

मी सुईचा वीजपुरवठा काढला. धुकं थांबलं, रेघ विझली.

“का गं थांबलीस?” दादा म्हणाला.

मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

“दादा, मला वाटतं आपण दुसरीकडे पाठवू नमुना. महिना लागेल, पण...”

“महिना कुणाकडे आहे? पोरीला कळायला हवं. तुलाही.” मग अगदी हळू, पूर्वी मला झोपवताना बोलायचा तसा: “चालू दे. बरं वाटत होतं मला.”

मी वीज जोडली.

श्वास. कडी. श्वास. कडी.

मधली अंतरं लांबत गेली. मी वजनं वाचत गेले. सगळी ओळखीची, पाठ झालेली. मग एक आलं जे तिथे असायला नको होतं.

बदललेली कडी.

मी बराच वेळ पुढच्या रेघेची वाट पाहिली. आली नाही.

“दादा?”

फोन वहिनीने उचलला. कुजबुजत म्हणाली, “आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. किती दिवसांनी चेहरा असा निवांत दिसतोय. नंतर बोलू हं.”

मी लगेच वर जायला हवं होतं. पाय उचलेनात. पण हात उठले.

त्यांनी सुई धुतली. हातमोजे बदलले. पाणी भरलं. सोडलं.

पडदा कोरा होता. बराच वेळ कोराच होता.

मग एक उंच, अख्खी रेघ उभी राहिली.

दादाचं लागलं असेल, मी म्हटलं. सुईत राहिलं असेल.

पण ही रेघ स्वच्छ होती. गाळाचा कण न लागलेली, अजून कुठेच न साचलेली. तिच्या वजनातला एका कडीचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता.

टोकाची कडी सुटली.

वरच्या मजल्यावर कुणीतरी धावत गेलं.

मी फार दमले होते. एक लांब सुस्कारा टाकला. दुसरी कडी सुटली.

मी श्वास रोखला.

पडद्यावरची रेघ होती तिथेच थांबली.