कापलेली चार मिनिटं

"कापली! मेल्यांनी कापली!"

भरल्या थिएटरात निवेदिता उभी राहून ओरडली. मागच्या रांगेतल्या बायकांनी तिला कन्नडमध्ये खाली बसायला सांगितलं, पण ती बसेल तर शपथ! का बसावं तिनं? 'काडिगेकोटे', म्हणजे काजळाचा किल्ला, ही कादंबरी तिनं कॉलेजात असताना पारायण केल्यासारखी वाचली होती. सिनेमा येणार म्हटल्यापासून ती डोळे लावून बसली होती. आज सकाळी सहाच्या खेळाला, डोळ्यावरची झोपही न पुसता, चिकपेटहून स्कूटर दामटत जे. पी. नगरला आली होती... आणि या लोकांनी काय करावं? नावाडिणीचा प्रसंगच उडवला! वीरभानू लढाईला निघतो, नदीकाठी नाव लागलेली असते, गंगव्वा वल्ह्यावर हात ठेवून त्याच्याकडे बघते – आणि पुढच्याच क्षणाला घोडे, धूळ, ढोल. एक शब्द नाही!

"बरं झालं कापली," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. चक्क मराठीत.

निवेदिता गर्रकन वळली. चष्मा, विस्कटलेले केस, मांडीवर पॉपकॉर्नचा डबा. सकाळी आठ वाजता पॉपकॉर्न खाणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

"काय म्हणालात?"

"ती बघते, तो बघतो. समजलं ना सगळ्यांना? अजून काय बोलून राहिले असते ते? भाषण?"

"कादंबरी वाचलीय तुम्ही?"

"नाही बा. मला कन्नड वाचता नाही येत. खालच्या इंग्रजी ओळी वाचून राहिलोय."

"मग सुम्ने बसा!"

'सुम्ने' म्हणजे उगीमुगी, एवढं त्याला कळत होतं. तो हसला आणि त्यानं डबा तिच्यापुढे धरला. निवेदितानं रागारागात मूठभर पॉपकॉर्न घेतले, हे तिला पुढे कितीतरी दिवस कुणी विसरू दिलं नाही.

बाहेर आले तर पाऊस. बेंगळुरूचा ऑक्टोबरातला, न विचारता येणारा. थिएटरच्या पत्र्याखाली दोघं अडकले. कागदी कपातली कॉफी घेऊन ती तावातावानं बोलत राहिली, आणि तो चष्म्यावरचे थेंब शर्टाला पुसत ऐकत राहिला. त्याचं नाव मल्हार. नागपूरचा. बोम्मसंद्र्याला यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर.

"आणि तुमचं मराठी कुठलं म्हणायचं?" त्यानं विचारलं. "मधेच कन्नड 'सरी', मधेच 'स्वल्प'..."

"आमच्या घरचं. साडेतीनशे वर्षं इथं आहोत आम्ही. तुम्ही कधी आलात?"

"मागच्या दिवाळीत."

"मग स्वल्प नम्रपणे बोला."

ती कोर्टात ज्युनिअर वकील होती, तिच्याशी वाद घालणं म्हणजे चेष्टा नव्हे. पण हा पठ्ठ्या दोन दोन शब्दांत उत्तरं द्यायचा आणि तिचे सगळे मुद्दे फिके पाडायचा. शेवटी तिनं फर्मावलं, "रविवारी गुरुराज अण्णांच्या गच्चीवर या. आमचं मंडळ भरतं. तिथं तुमचा निकाल लावते."

पाऊस ओसरला. त्यानं नुसता हात वर केला आणि चालू पडला.

निवेदिताला ते खटकलं. तिच्या घरात उंबरा ओलांडताना कुणी 'जातो' म्हणत नसे. मराठीत 'येतो', कन्नडमध्ये 'होगि बर्तीनि', जाऊन येतो. हा तर काहीच म्हणाला नाही.

"अहो! 'येतो' म्हणायची पद्धत नाही का तुमच्या नागपुरात?"

तो वळला. "यायचं असलं की येतोच ना मी. सांगायचं कशाला?"

आणि रविवारी तो आला.

गुरुराज अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. 'काडिगेकोटे'चं वेड असलेली पंधरावीस माणसं दर रविवारी सकाळी त्यांच्या गच्चीवर जमायची; कॉलेजातली पोरं, आयटीतली माणसं, दोन आज्या. सहा महिन्यांनी सिनेमाच्या डिस्कचा काळा डबा बाजारात आला आणि गच्चीवर उभी फूट पडली. डब्यात दोन डिस्क होत्या. एक छोटी, थिएटरात दाखवलेली. दुसरी मोठी, कापलेलं सगळं परत जोडलेली. मोठीवाले आणि छोटीवाले एका ताटातला बोंडा खाईनात! मोठीवाल्यांची म्होरकी निवेदिता होती, आणि छोटीवाल्यांचा म्होरक्या कोण, ते सांगायला नकोच.

मोठीत नावेचा प्रसंग पुरा चार मिनिटांचा होता. त्यात गंगव्वा विचारायची, "कुठल्या काठाला सोडू?" वीरभानू म्हणायचा, "जिथून परत येता येईल त्या." मग वल्ह्याच्या आवाजात आणखी दोन-चार वाक्यं. मग ती म्हणायची, "होगबेड." जाऊ नकोस. तो पाण्याकडे बघत राहायचा आणि म्हणायचा, "होगि बर्तीनि." पुढं तो परत येत नाही, हे अख्ख्या कर्नाटकाला ठाऊक. पण तो म्हणाला तर होता!

"तेवढ्या एका शब्दावर ती उरलेला जन्म काढते," निवेदिता सांगायची.

"तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं होतं," मल्हार म्हणायचा.

"डोळ्यांची साक्ष कोर्टात चालत नाही."

"नदीवर चालते."

गच्चीवर हशा पिकायचा. मग ती त्याच्याकडे रागानं बघायची, तो बघत राहायचा, आणि राग कुठं जायचा कोण जाणे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. तो तिच्यासाठी बोम्मसंद्र्याहून एवढा लांबचा प्रवास करून यायचा. चिकपेटच्या गर्दीत, कापडाच्या गाठोड्यांमधून वाट काढत, तिच्या आईसाठी नागपूरची संत्री घेऊन यायचा. तिची स्कूटर बंद पडली तर न बोलता उकिडवा बसून दुरुस्त करायचा. आई एकदा म्हणाली, "मुलगा चांगला आहे गं, पण तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो का?" सगळं दिसत होतं, सगळं कळत होतं... पण बोलत नव्हता बाबा! आणि निघताना नुसता हात वर.

आणि मग एका बुधवारी, कोर्टाच्या पायरीवर असताना, तिच्या फोनवर त्याचा निरोप आला. 'नागपूरच्या युनिटला बदली देतायत. सोमवारी हो-नाही सांगायचंय.'

बस्स. एवढंच. छोटी आवृत्ती!

निवेदितानं तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. 'अभिनंदन' लिहावं तर खोटं, 'जाऊ नकोस' लिहावं तर... तर काय? तो कधी काही म्हणाला होता का, की हिनं अडवावं? भांडण तरी कशाच्या जोरावर करायचं? पण संध्याकाळपर्यंत तिचं ठरलं. सोमवारच्या आत या माणसाला बोलतं करायचं. नाही बोलला तर नाही. पण चार मिनिटं कापून त्याला जाऊ द्यायचं नाही.

त्या रविवारी मंडळाचा वाढदिवस होता. जे. पी. नगरातला एक छोटा हॉल ठरला होता, दुपारी एकपर्यंत. नंतर तिथं कुणाचं तरी बारसं. कुठली आवृत्ती लावायची यावर मतदान झालेलं होतं आणि निवेदितानं ते जिंकलं होतं. डबा मल्हारकडे होता. तिनं फक्त कळवलं, 'मोठी डिस्क आण. विसरलास तर खबरदार.' उत्तर आलं, 'हो.'

रविवारी हॉल भरला. मल्हार आला, अण्णांच्या हातात डबा दिला आणि तिच्याजवळची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसला. दोघांच्या मधली ती रिकामी खुर्ची तिला भयंकर टोचत होती.

अण्णांनी चष्मा न लावताच डब्यातली डिस्क यंत्रात सरकवली. सिनेमा सुरू झाला. मध्यंतरापर्यंत दोन्ही आवृत्त्या अगदी सारख्या, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. मध्यंतर झालं, बोंडे संपले, नदी आली. नाव आली. गंगव्वानं वल्ह्यावर हात ठेवला, बघितलं...

घोडे. धूळ. ढोल.

"कापली!" निवेदिता उभी राहिली. "अण्णा, थांबवा! ही छोटी आहे!"

दिवे लागले. अण्णांनी चष्मा लावून डिस्क बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. छोटीवाल्यांनी टाळ्या पिटल्या, मोठीवाले 'दगा दगा' म्हणून ओरडायला लागले. सगळे मल्हारकडे वळले. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"मुद्दाम केलंस?" निवेदितानं विचारलं. आज, आजच्या दिवशी तरी यानं असं करावं?

"नाही. आईशप्पथ नाही."

"मग मोठी कुठंय?"

"घरी. प्लेअरमध्ये राहिली."

"प्लेअरमध्ये? तू मोठी बघत होतास?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"सांग की. कधी?"

"काल संध्याकाळी."

"आणि त्याआधी?"

"...परवा."

"कुठला भाग?"

मल्हारनं चष्मा काढला आणि शर्टाला पुसायला लागला. त्यावर एक थेंबसुद्धा नव्हता.

निवेदिताला हसू आलं आणि रडूही आलं. अस्सं! वर्षभर छोटीचा झेंडा नाचवणारा हा माणूस घरी जाऊन नावेचा प्रसंग बघत होता. आता माघार नाही.

"बोम्मसंद्र्याला जाऊन यायला दोन तास. एकला बारसं," अण्णा हताश होऊन म्हणाले. "हॉलमधलं नेट तर विचारूच नका. पुढं चालू करू?"

"नाही," निवेदिता म्हणाली. "तो प्रसंग झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आम्ही करतो. मी गंगव्वा. वीरभानू हा."

"मी?" मल्हार दचकला. "मला कन्नड येत नाही."

"ये."

तिनं एक बाक ओढून पडद्यापुढे आणला. ती नाव. कोपऱ्यातला झाडूचा दांडा उचलला. ते वल्हं. पोरं हसली. मल्हार पाय ओढत आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

निवेदितानं वल्हं धरलं. "कुठल्या काठाला सोडू?" तिनं कन्नडमध्ये विचारलं.

आणि मल्हारनं उत्तर दिलं. कन्नडमध्ये! उच्चार नागपुरी, 'ळ'चा पार चुराडा, पण एकही शब्द न चुकता. जिथून परत येता येईल त्या काठाला. पुढचं वाक्यही त्याला येत होतं, त्याच्या पुढचंही. खालच्या इंग्रजी ओळी वाचून भागवणाऱ्या माणसानं अख्खा प्रसंग पाठ केला होता. कुणासाठी, हे आता त्या दोन आज्यांनासुद्धा कळलं.

झाडूचा दांडा हवेत थांबला. आता तिचं वाक्य होतं.

कोर्टात दुसऱ्यांसाठी तिनं किती वेळा घसा फोडला होता. स्वतःसाठी मात्र एक शब्द... इतके दिवस त्यानं बोलावं म्हणून ती हटून बसली होती. आणि गंगव्वा? गंगव्वा आधी बोलते. लाजत नाही, वाट बघत नाही. तिचं वाक्य पहिलं आहे.

"होगबेड," निवेदिता म्हणाली. आणि ती तिथंच थांबली नाही. पुढचे शब्द कादंबरीत नव्हते, कुठल्याच डिस्कवर नव्हते. "जाऊ नकोस, मल्हार. मला तू इथं हवा आहेस. रविवारी, सोमवारी, रोज. डोळ्यांत वाच म्हणून मी नाही सांगणार. तोंडानं सांगतेय. जाऊ नकोस."



मल्हारनं पाण्याकडे बघायला हवं होतं. तिथं होती हॉलची फरशी. तो फरशीकडे बघत राहिला. आता तो म्हणणार, होगि बर्तीनि. प्रसंगात तसंच आहे. निवेदितानं दांडा घट्ट आवळला.

"होगल्ला," मल्हार म्हणाला.

नाही जाणार.

"अरे! हे कादंबरीत नाही!" अण्णा ओरडले.

"मोठी आवृत्ती आहे, अण्णा," मल्हार म्हणाला, आणि मग निवेदिताकडे वळून मराठीत, अडखळत, एका दमात बोलत सुटला, "मला वाटायचं तुला दिसत असेल. मी काहून इतक्या लांब येतो, काहून संत्री आणतो... मला बोलता नाही येत गं तुझ्यासारखं. बुधवारी निरोप लिहिताना मोठा लिहिला होता. मग सगळा कापला. वाटलं, तू म्हणशील तर राहीन, आणि तू काही बोललीच नाही. आईशी बोललो मी. ती म्हणाली, पोरीला विचारलं का? मी म्हटलं, नाही. तिनं शिव्या घातल्या. मला आवडतेस तू. पहिल्या दिवसापासून, पॉपकॉर्नपासून. उद्या साहेबाला नाही म्हणून सांगतो. आता पुरे ना? अजून बोलू?"

"बोल की," निवेदिता डोळे पुसत म्हणाली. "चार मिनिटं कुठं झालीत अजून?"

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. मोठीवाले नाचले, छोटीवाल्यांनी जागच्या जागी पक्ष बदलला, आणि वेळेआधी आलेल्या बारशाच्या मंडळींना हे कुणाचं लग्न जमलंय तेच कळेना. युद्धाचा शेवट त्या दिवशी कुणी बघितलाच नाही.

दुपारी तो तिला मेट्रोच्या जिन्यापर्यंत सोडायला आला. भुरभुर सुरू झाली होती. ती दोन पायऱ्या चढली, वळली. त्यानं नेहमीसारखा हात वर केला आणि चालू पडला.

निवेदितानं कमरेवर हात ठेवले. नुसती उभी राहिली.

दहाएक पावलांवर तो थबकला. गर्दीतून उलटा, लोकांचे धक्के खात, जिन्याच्या पायथ्याशी परत आला. चष्मा भिजलेला, केस विस्कटलेले.

"येतो," तो म्हणाला.

"ये," निवेदिता म्हणाली.