शेवटच्या डावात बसवलेली लेक

"घरात राहून वैर साधलंस, ताई!" धाकट्या भावानं लेकीचा सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह जेवणाच्या टेबलावर आपटला आणि ताईसमोरची वाटी लवंडली.

आठच दिवस झाले होते त्या अंतिम सामन्याला! शेवटच्या डावात ताईनं संघाच्या पिचरला, चेंडू टाकणाऱ्या याच्याच लेकीला, बाहेर बसवलं आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. मुलींच्या संघाचे प्रशिक्षक दोघंही, पण तऱ्हा दोन. तो रोज दीडशे चेंडू टाकून घेणारा, चुकलं की मैदानाला फेरी. ती पोरींना हसवत, जागा बदलून खेळवणारी. "ताई लाड करते, त्याला शिकवणं म्हणत नाहीत," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि आई गेल्यावर त्याला वाढवण्यासाठी स्वतःचा खेळ सोडलेली ती माउली ते मुकाट गिळायची…

"आजपासून मैदानावर तू यायचं नाहीस. चल गं बाळ, सामन्यानंतरची सुट्टी संपली, आज दोनशे चेंडू!"

ताई दारात आडवी झाली. "तिला नेऊ नकोस रे… पाया पडते तुझ्या!"

"का? कारण सांग ना!"

ताईनं दाराची चौकट घट्ट धरली. मागे पोर केस बांधत होती. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथंच अडला.

"बाबा, माझा खांदा महिनाभर दुखतोय," ती हुंदका देत म्हणाली. "आत्या रोज म्हणते, डॉक्टरकडे जाऊ, बाबांना सांगू. मीच तिला कुणाला न सांगण्याची शपथ घातली होती!"

तासाभरात तिघं दवाखान्यात होती. डॉक्टरीणबाईंनी खांदा नीट तपासला. "सूज आहे. दीड महिना विश्रांती, मग खुशाल खेळू दे. वेळेवर थांबवलंत म्हणून निभावलं."

हुश्श! ताईच्या छातीवरचा धोंडा उतरला.

बाहेर बाकावर भाऊ ताईशेजारी बसला. "आठ दिवस माझे वाटेल ते बोल ऐकलेस, ताई… एक शब्द बोलली नाहीस?"

"शपथ मोडून दुखण्याचं सांगितलं असतं रे. पण तुझी लेक तुला घाबरते, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

तो ओंजळीत तोंड लपवून रडला. मग लेकीसमोर गुडघ्यांवर बसला. "बाळ, यापुढे दुखलं तर मला सांगशील?"

"ओरडणार नाही ना?"

"नाही गं, राणी!"

तिनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं मान हलवली.

"मग… आत्तासुद्धा खूप दुखतंय, बाबा!" म्हणत ती त्याच्या गळ्यात पडली.