टाकीतलं पेट्रोल कुठे गेलं?

"अरे हळू घास! पत्रा आहे तो, करवंटी नव्हे!"

सुभाषकाका असा ओरडला की अभिरामच्या हातातला पॉलिशपेपर बादलीतच पडला. सोनम खी खी करून हसली. प्राची मात्र हसली नाही. खरंच पत्रा चिरला असेल तर?

मे महिन्याची सुट्टी होती. नेरुळच्या त्यांच्या सोसायटीतली निम्मी मुलं गावाला गेली होती, आणि मागे राहिलेल्या या तिघांनी सकाळपासून प्राचीच्या घराच्या गॅलरीत ठाण मांडलं होतं. गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं अंथरली होती आणि त्यांच्यावर प्राचीच्या काकाच्या मोटारसायकलची टाकी आडवी पडली होती. टाकीचा लाल रंग जागोजागी उडाला होता. रविवारी काका मुलगी बघायला पनवेलला जाणार होता. असल्या गाडीवरून गेलो तर मुलगी दारातूनच परत पाठवेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. मग काय, काकाने घरीच रंगवायचं ठरवलं. जुना रंग घासून काढायचा, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, प्रायमर लावायचा आणि वर काळाभोर रंग फवारायचा. कशाने? तर डास मारायच्या पंपाने!

"काका, पंपात जुनं औषध राहिलं असेल तर रंगाला फोड येतील ना?" प्राचीने विचारलं.

"आलं बघा काळजीवाहू सरकार!" अभिराम म्हणाला.

त्या वर्षी टीव्हीवरच्या बातम्यांत हे शब्द रोज कानावर पडायचे, आणि अभिरामने ते प्राचीला चिकटवून टाकले होते. त्याचंही तसं चुकलं नव्हतं. गॅस बंद केला का, कडी नीट लागली का, गच्चीवरच्या टाकीत मांजर पडलं तर काय, असले प्रश्न प्राचीच्या डोक्यात दिवसभर चालू असायचे. आपण अशा का, याचीही तिला काळजी वाटायची!

"टेन्शन नको घेऊ गं," काका म्हणाला. त्याने वाटीतल्या पेट्रोलमध्ये फडकं बुडवलं आणि घासलेल्या पत्र्यावरून फिरवलं. ओला पत्रा बघता बघता कोरडा झाला. "ही जादू बघ. हात पुढे कर."

त्याने फडक्यातला एक थेंब तिच्या तळव्यावर पिळला. थंडगार! आणि फ्रॉकला पुसायला जावं तर हातावर काहीच नाही.

"हेच रॉकेल असतं ना, तर हात तासभर चिकट राहिला असता," काका ऐटीत म्हणाला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात करावे गावची दुर्गाबाई उभी होती. रोज मासळीची पाटी घेऊन येणारी दुर्गाबाई आज रिकाम्या हाताने, नवं लुगडं नेसून आली होती.

"गो बाय, आयेला सांग, दुपारपासना आमच्या नंदिनीची हलद हाय. सांच्याला सगलीजना येवा! आनि ता रॉकेल देतस का? च्यापानी करायला स्टो पेटवाचा हाय."

घरात गॅस आल्यापासून रेशनचं रॉकेल आई दुर्गाबाईला देऊन टाकायची. आई न्हाणीघरातून ओरडली, "प्राची, गॅलरीच्या कोपऱ्यातला डबा दे गं त्यांना!"

प्राचीचे हात लाल चिखलाने बरबटले होते. तिने कोपऱ्यातला पांढरा डबा उचलला, दुर्गाबाईच्या हातात दिला आणि पुन्हा येऊन टाकी घासायला बसली.

जेवणं झाल्यावर काका दुसऱ्या पाळीला महापेच्या कंपनीत गेला. आई लोणच्याच्या कैऱ्या आणायला वाशीला गेली. तिघं टाकी घासत राहिली. बादलीतलं पाणी गढूळ झालं म्हणून सोनम उठली आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाकडे गेली.

"ए प्राची, पिंपाच्या मागे हा कसला डबा लपवलाय?"

"कसला डबा?"

सोनमने झाकण फिरवून आत बघितलं. "रॉकेल! निळंशार. अगदी भरलेलं."

प्राचीचा हात थांबला. रेशनच्या रांगेत उभं राहून हे रॉकेल तिनेच आणलं होतं. रेशनचं रॉकेल निळंच असतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

"पण रॉकेल तर मी दुर्गाबाईला दिलं ना?"

"असतील दोन डबे," अभिराम म्हणाला.

"आहेतच दोन. पण दुसरा रिकामा होता! आणि मी दिला तो चांगला जड होता." प्राची टाकीकडे बघत राहिली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "अभिराम, काकाने टाकी काल काढली. तेव्हा तिच्यात पेट्रोल होतं. ते सगळं कुठे गेलं?"

खाली कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती, पण कुणी उठलं नाही.

काकाने रिकामा डबा घेतला असणार, पेट्रोल त्यात ओतलं असणार आणि भरलेलं रॉकेल मागे सरकवून हा डबा पुढे ठेवला असणार. डबा वर्षानुवर्षं रॉकेलचा. त्याला वास रॉकेलचाच येणार. कुणाला कळणार होतं?

"आणि दुर्गाबाई त्यावर स्टोव्ह पेटवणार!" सोनमच्या तोंडून निघालं.

नवं लुगडं नेसलेली दुर्गाबाई प्राचीच्या डोळ्यांसमोरून हलेना. मी दिला. माझ्या हाताने दिला!

तिघं धडाधड जिने उतरली, सायकलींवर बसली आणि नाक्यावरच्या पीसीओत घुसली. काकाच्या कंपनीचा नंबर प्राचीला पाठ होता. अर्थातच!

"सुभाष मशीनच्या लाइनवर आहे," पलीकडून ऑपरेटर कंटाळून म्हणाला. "चहाच्या सुट्टीत फोन करा."

"अहो, पण फार अर्जंट आहे! लोक भाजतील!"

"बाळ, खेळ नंतर."

अभिरामने रिसीव्हर ओढून घेतला आणि जमेल तेवढा जाड आवाज काढला. "हे बघा, निरोप लिहून घ्या. रॉकेलच्या डब्यातलं पेट्रोल करावे गावात हळदीला गेलंय! लगेच द्या, नाहीतर उद्या तुम्हीच जबाबदार!"

फोन ठेवल्यावर त्याचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. "पण प्राची, आपलं चुकत असेल तर? काकाने पेट्रोल दुसऱ्या कुणाला दिलं असेल. भर हळदीत सगळे हसतील आपल्याला."

ही भीती प्राचीलाही होतीच. चारचौघांत बोलायचं म्हटलं तरी तिची जीभ टाळ्याला चिकटायची. ती क्षणभर चुळबुळली आणि मग तिने सायकलचं स्टँड काढलं.

"हसले तर हसले. चला!"

एरवी सेक्टरच्या बाहेर सायकल न्यायची नाही, असा घरचा नियम होता. आज तो मोडताना प्राचीला नियमाची आठवणही झाली नाही. ऊन मी म्हणत होतं. सिडकोच्या मोकळ्या प्लॉटांवरून धूळ उडत होती. विटांचा एक ट्रक इतका खेटून गेला की सोनम किंचाळली. मग अभिरामच्या सायकलची चेन उतरली.

"तुम्ही पुढे व्हा!" तो ओरडला.

पुढे? अभिरामशिवाय? तरी प्राची पाय मारत राहिली. समोरून खाडीचा खारा वास यायला लागला, आणि एकदाचे ताशाचे आवाज आले. आवाज आनंदाचे होते. म्हणजे अजून काही झालेलं नव्हतं.

दुर्गाबाईच्या दारात पिवळ्या कापडाचा मांडव घातला होता. बायका धवले, लग्नातली गाणी, म्हणत होत्या. मधोमध पाटावर नंदिनी बसली होती आणि तिच्या पुढ्यात हळदीचं मोठं पातेलं होतं. मांडवाच्या एका कडेला एक धिप्पाड माणूस पंपाच्या स्टोव्हशी उकिडवा बसला होता. ओठांत न पेटवलेली विडी. शेजारी तोच पांढरा डबा!

"पोपटमामा, च्या कवा?" कुणीतरी विचारलं.

"आत्ता होतंय! रॉकेल आज जरा तेज वाटतंय," म्हणत पोपटमामाने बर्नरखालच्या वाटीत धार सोडली.

"मामा, थांबा!" सोनम ओरडली. "ते पेट्रोल आहे!"

"कोनाची गो तुमी पोरी? पंगतीला येल हाय अजून. जा, खेला तिकडं." पोपटमामाने मान वळवलीसुद्धा नाही. तो काडेपेटी चाचपायला लागला.

ताशा जोरात वाजत होता. दुर्गाबाई कुठेच दिसत नव्हती. प्राचीला वाटलं, आता आपण ओरडावं. तिने तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही! पोपटमामाने काडी बाहेर काढली.

प्राची धावली. तिने त्याच्या हातातली काडी आणि काडेपेटी दोन्ही हिसकावली आणि थेट हळदीच्या पातेल्यात कोपरापर्यंत हात बुडवला!

ताशा थांबला. धवले थांबले. नवरीचा वासलेला आ तसाच राहिला.

"हलदीत काडेपेटी?" एक म्हातारी कडाडली. "कोनाचं कार्ट हाय ह्ये?"

पोपटमामा उठून उभा राहिला तेव्हा प्राची त्याच्या कमरेपर्यंतच येत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरातून धावत आलेली दुर्गाबाई म्हणाली, "गो प्राची? तू? काय झाला?"

"डब्यात पेट्रोल आहे," प्राची कशीबशी म्हणाली. "मीच चुकून दिलं."

"खूल लागलंय पोरीला," पोपटमामा गुरगुरला. "अख्खा जलम गेला माजा स्टो पेटवन्यात. मना रॉकेल कलत नाय?"

मोठ्या माणसांशी वाद घालून उपयोग नसतो, हे प्राचीला ठाऊक होतं. पण सकाळी काकाने दाखवलेली जादूही तिला ठाऊक होती.

"मामा, रॉकेल असेल तर माझा कान धरा," ती म्हणाली. "फक्त हात पुढे करा. आणि ती विडी आधी खिशात ठेवा."

सगळा मांडव बघत होता. मागे हटायची सोय नव्हती. पोपटमामाने विडी खिशात टाकली आणि पंजा पुढे केला. सोनमने डब्याच्या झाकणातले दोन थेंब त्याच्या तळव्यावर टाकले.

"थंड लागतंय," तो पुटपुटला.

"आता चोळा. चिकट आहे?"

त्याने तळवे एकमेकांवर चोळले. मग नाकाशी नेले. मग पुन्हा चोळले. हात कोरडे ठाक होते. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला.

दुर्गाबाई मात्र पुढे झाली. तिने झाकणातलं उरलेलं एका ताटलीत ओतलं आणि ताटली घेऊन ती मांडवाबाहेर उन्हात गेली. पिवळ्या कापडाखाली सगळंच पिवळं दिसत होतं. उन्हात ते लालसर नारिंगी दिसलं. रेशनच्या निळ्याचा त्यात मागमूसही नव्हता.

"आयो!" ती मटकन खाली बसली. "माजी पोर इथंच बसलेली, तीन हातांवर!"

मग एकच धावपळ उडाली. पोपटमामाने स्टोव्ह आणि डबा छातीशी धरून दूर मोकळ्या जागेत नेले. परड्यातली चूल बायकांनी पाणी ओतून विझवली. चेन बसवून काळ्या हातांनी अभिराम पोचला, तेव्हा तो धापा टाकत विचारत होता, "उशीर तर नाही ना झाला?"

त्याच्या मागोमाग एक स्कूटर आली. ती थांबायच्या आतच मागच्या सीटवरून सुभाषकाकाने उडी टाकली. अंगावर कंपनीचा निळा डगला, चेहरा पांढराफटक, मुठीत निरोपाचा चुरगळलेला कागद.

"स्टोव्ह? स्टोव्ह पेटवला का?"

"पेटला असता तर तू इथं उबा नसतास ऱ्हायला," पोपटमामा म्हणाला. "पेट्रोल रॉकेलच्या डब्यात ठेवतंस? शिकलेला ना रे तू?"

काकाने मान खाली घातली. नेहमी चुरूचुरू बोलणाऱ्या काकाला असं बघून प्राचीला त्याचीच कीव आली. तो दुर्गाबाईसमोर हात जोडून म्हणाला, "बाई, माझं चुकलं. घरात कुणाला सांगितलंसुद्धा नाही मी."

"हात मना नको जोडू," दुर्गाबाई म्हणाली. "हिला जोड."

तिने प्राचीला जवळ ओढलं आणि काडेपेटीवाली हळद टाकून देऊन नवी कालवायला लावली. त्या नव्या हळदीचं पहिलं बोट नंदिनीने प्राचीच्या गालाला लावलं. मघाशी कडाडलेल्या म्हातारीने तिची अलाबला घेतली. तेव्हा कुठे प्राचीला रडू फुटलं, आणि ती खूप वेळ रडली. अभिराम शेजारी येऊन उभा राहिला.

"मी तर परत फिरू म्हणत होतो," तो म्हणाला. "बरं झालं तू ऐकलं नाहीस."

संध्याकाळी आईने सगळं ऐकलं आणि आधी काकाला, मग स्वतःलाच बोल लावले. "मीही नुसती न्हाणीतून ओरडले. डबा बघायला बाहेर आले नाही," ती म्हणाली. सेक्टरबाहेर सायकल नेल्याबद्दल मात्र ती कुणालाच रागावली नाही.

शनिवारी सकाळी टाकी गच्चीवर गेली. स्वयंपाकघरापासून लांब, मोकळ्या वाऱ्यात. प्रायमर वाळून टाकी राखाडी झाली होती. काकाने पंपात काळा रंग भरला, दट्ट्यावर हात ठेवला आणि तो थांबला. मग वळून त्याने प्राचीला चक्क सलाम ठोकला.

"काळजीवाहू सरकार, रंग मारायला परवानगी आहे का?"

अभिराम आणि सोनम हसायला लागली. प्राचीच्या बोटांवरची हळद अजून गेली नव्हती. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"आधी पेट्रोल कुठे ठेवलंय ते दाखव!"

काका निमूटपणे पंप खाली ठेवून तिला दाखवायला निघाला.