फ्लोरादेवीचे पिवळे चणे

"पांढरं घालून येऊ नकोस हं," शेजारच्या फ्राऊ केलरनी बजावलं होतं. "फ्लोरा म्हणजे फुलांची रोमन देवी. तिच्या वसंतोत्सवात पांढऱ्याचं काही खरं नसतं!"

मी हसण्यावारी नेलं. पांढरा कुर्ता घातला, चार वर्षांच्या उर्जाचा हात घट्ट धरला आणि हायडेलबर्गच्या नदीकाठी, कुरणावर पोचले. फुलांचे मुकुट, बासऱ्या, रंगीत झगे… आणि एकाएकी देवीच्या नावानं मूठभर काबुली चणे माझ्या अंगावर!

उर्जानं एक उचलून तोंडात टाकलासुद्धा.

"उर्जा, थुंक! घशात अडकेल!"

"नाही अडकणार," चक्क मराठीत उत्तर आलं. निळ्या सदऱ्यातला, हातात टोपली घेतलेला एक उंच तरुण. "रोमन लोक कोरडेच उधळायचे. पण लहान मुलं येणार, म्हणून मी लोण्यासारखे मऊ शिजवलेत."

"आणि हे?" मी कुर्त्यावरचे पिवळे डाग दाखवले.

त्यानं जीभ चावली. "हळद… सवयीनं पडली हो. मी अनुप."

राग यायला हवा होता. पण माझ्याआधीच कुणीतरी माझ्या लेकीच्या घशाची काळजी करून ठेवली होती!

"नोख माल!" उर्जा टाळ्या पिटत होती. जर्मनमध्ये, परत फेका म्हणे!

सण सहा दिवसांचा. मी सहाही दिवस गेले. दुसऱ्याच दिवशी मात्र सांगून टाकलं, "माझा घटस्फोट झालाय. उर्जाला लळा लावून निघून जाणारी माणसं मला नकोत."

तेव्हापासून तो फक्त चण्यांवर बोलायचा. डोळे मात्र…

शेवटच्या संध्याकाळी त्यानं माझ्या केसांत एक डेझी खोचली. "उद्या ब्राउनश्वाइगला चाललो. नवी नोकरी. म्हणून काही बोललो नाही."

"म्हणजे… बोलायचं होतं?"

"पहिल्या मुठीपासून."

भीती होतीच — पण तिच्याहून मोठं काहीतरी उसळलं. "मग बोल ना रे! मला तू आवडतोस. जा… पण निघून जाऊ नकोस."

"शनिवारी याल? दोघी?"

"येऊ!"

आज गुरुवार. तिकिटं काढलीत. अनुपचा मघाशी फोन — सगळ्या सॉकेटना झाकणं लावली, टेबलाचे कोपरे फोमनं मढवले, आता खिडक्या बघतोय. "जेवलास का?" विचारलं, तर म्हणे, "अं… बहुतेक."

ब्राउनश्वाइगला कुणी असाल, तर आज जरा त्याच्या दारावर टकटक करून याल का? पोटात काही गेलंय ना, तेवढंच बघा. आणि मी विचारलं म्हणून सांगू नका हं!