खुंटीवरचं नान

"गेलं! खुंटीवरचं नान गेलं!"

मेरिमची किंकाळी ऐकून तिचा धाकटा भाऊ एसेन आणि शेजारचा मिर्लान मासे धरायचे गळ अंगणातच टाकून आत धावले.

भिंतीवर नुसती खुंटी होती. जानेवारीत आई मॉस्कोला कामाला निघाली, तेव्हा आजीनं ताज्या नानचा एक घास तिला खायला लावला आणि उरलेलं खुंटीला टांगलं. लांब गेलेल्या माणसानं परत येऊन ते संपवायचं असतं. तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही, अगदी उंदरानंसुद्धा!

"म्हणजे आता आई येणार नाही?" एसेननं विचारलं.

"गप रे!" मेरिम खेकसली, कारण तिच्याही मनात तेच आलं होतं. त्यातून आजी संध्याकाळी कुरणावरून घरी येणार होती.

मिर्लाननं भिंत निरखली. "कोळिष्टकंही गायब! चोर झाडलोट करून गेलाय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जोफियाताई! पोलंडची ही ताई गावच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून आली होती आणि यांच्याच घरी राहायची. तिला इथली भाषा शिकवणारी मास्तरीण म्हणजे मेरिम.

ताई ओढ्यावर चादरी धूत होती. "वाळलेलं नान? मी... फेकलं नाही!" ती घाबरून शब्द जुळवू लागली. "नान फेकत नाही, तू शिकवलं. कपाळाला लावलं. गाईच्या पोत्यात ठेवलं. काकाला विचारलं. काका 'हो, हो' म्हणाला."

कुबातकाका फोनवर घोड्यांच्या शर्यती बघत असला, की घराला आग लागली म्हटलं तरी 'हो, हो'च म्हणायचा!

"आधी तुलाही विचारलं होतं, 'हे काय?'" ताई हळूच म्हणाली. "तू म्हणालीस, 'काही नाही.'"

खरंच होतं ते. चूल, चहादाणी, रजया, सगळ्यांची नावं मेरिमनं ताईला शिकवली होती. त्या नानपाशी आलं, की मात्र आईची आठवण अशी दाटून यायची, की तिला बोलताच यायचं नाही.

गोठ्यात गाईसाठी ठेवलेलं शिळ्या तुकड्यांचं पोतं नव्हतं! सांडलेले तुकडे थेट नदीकाठच्या तबेल्याकडे गेले होते. दारात काका आडवा उभा होता आणि त्याच्यामागे त्याचा लाडका घोडा काहीतरी कुडुमकुडुम खात होता.

"कसलं पोतं? मला नाही माहीत. पळा इथून!"

मिर्लाननं मेरिमला डोळा मारला. "चला गं. पुलावर लोक म्हणतायत ते खरंच दिसतंय. काकांचा घोडा लंगडतो!"

"कोण म्हणतो लंगडतो?" काका बाह्या सरसावत पुलाकडे सुटला.

तिघं आत घुसली. घोड्यानं पोत्यात तोंड घातलेलंच होतं! मेरिमनं पोतं हिसकून उलटं केलं आणि ते नान सापडलं. कड थोडी तुटली होती, पण आईच्या दातांची खूण तशीच होती. तिच्यावरून बोट फिरवताना मेरिमला रडू कोसळलं.

तेवढ्यात ओल्या बाह्यांनी ताई धापा टाकत आली.

"ताई, हे आईचं नान," मेरिम म्हणाली. "ती आली, की खाणार आहे."

"आईचं नान," ताईनं म्हणून पाहिलं. तिचेही डोळे भरले. "माझी आईपण लांब आहे."

संध्याकाळी आजीनं काकाची खरडपट्टी काढली. "गाईच्या तोंडचा घास घोड्याला घालतोस होय रे!" मग तिनं नान पुन्हा खुंटीला टांगलं आणि पोरांना जवळ घेतलं. "शाब्बास माझ्या वाघांनो! आणि जोफिया, तू नको रडूस. नान कपाळाला लावणारी पोर आमचीच."

इतक्यात आईचा फोन आला.

"मेरिम, माझं नान आहे ना गं खुंटीला?"

मेरिमला सगळं सांगायचं होतं. घोडा, काका, आजीची शाबासकी. पण आईचा आवाज ऐकला आणि सगळं ओठांतच राहिलं.

"आहे," ती म्हणाली. "पण फार वाळलंय गं, आई."