खोट काढायचं निमित्त

वनिता स्कूटीवरून उतरली ती वाकडी तलवार हातात घेऊनच. गोकुळ रोडवर घणाचा आवाज आला म्हणून थांबली इतकंच. वर्कशॉप कुणाचं, काही ठाऊक नव्हतं. पोरींना मर्दानी खेळ शिकवणारी बाई ती, आणि केळीच्या खुंटावर पहिलाच वार केला तर तलवार कोयत्यासारखी वाकली... ती वाकली ती वाकलीच. पोरी फिदीफिदी हसल्या. मग डोकं फिरणार नाही तर काय!

"ही सरळ करून द्या."

वर्कशॉपवाल्या प्रभंजननं घण खाली ठेवला. आधी तलवार बघितली, मग तिला. नजर परत तलवारीवर यायला जरा वेळच लागला.

"कुठून आणलीत, अक्का?"

"अक्का कुणाला म्हणता? दाजीबानपेठेतनं. फेट्यांच्या दुकानातनं."

"हां! अहो, ही नवरदेवाची. टोकाला लिंबू खोचून मिरवायची. हिनं केळ तोडायला निघालात?"

वनिता कानापर्यंत लाल झाली. पण तोंड मिटेल तर शपथ! "मग तुमची दाखवा की. बोलायला काय जातंय?"

त्यानं भिंतीवरची एक उतरवली. जुन्या नमुन्यावर घडवलेली, पण पोलाद ट्रकच्या कमानपाट्याचं. टोक ठोकळ्याला टेकवून दाबलं, पातं धनुष्यासारखं वाकलं. सोडलं तर झर्रकन होतं तसं!

"लाल तापवून पाणी दिलंय, मग परत बेतानं शेकलंय बघा. शेकलं नाही तर काचेसारखं तुटतं, जास्त शेकलं तर वाकडंच राहतं."

तिनं धरून बघितली. मूठ पुरुषी पंजाची, तिच्या हातात सैल. मग त्यानं ओल्या मातीचा गोळा तिच्या तळहातावर ठेवला. "दाबा... अजून घट्ट." तिच्या बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा त्यानं असा काही जपून उचलला, की वनिता उगीचच कोपऱ्यात पोऱ्या चालवत होता त्या धारेच्या चक्कीवरच्या ठिणग्या बघत बसली.

त्या मापाची तलवार झाली. फिरवली तर मनगटाला भार म्हणून कळेना. बोट ठेवायला जागा नव्हती. तरी बया म्हणते कशी, "टोकाला जड वाटते जरा..."

तोही निमूट ठेवून घ्यायचा. ती परत यायची, चहा व्हायचा. "आता बरी आहे, पण अजून थोडी..."

शेवटी एका शनिवारी ती आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. "उद्या अळणावर गावचे लोक मला बघायला येणार आहेत." आणि तलवार एकदाच फिरवून म्हणाली, "आज जमला तोल. नेते मी."

"नेताय तर न्या. पण खरं सांगू? घडवून झाल्यापासनं हिला मी कानससुद्धा लावलेली नाही."

"मग ठेवून कशाला घेत होता?"

"तुम्ही न्यायला परत यावं म्हणून... आणि तुम्ही खोट कशाला काढत होता?"

वनितानं मूठ उगीचच चाचपली. खाली बघत ती म्हणाली, "ते लोक जेवायच्या वेळेला येतात. तू न्याहारीलाच ये. तुझ्या आईला घेऊन."

"आणि तुझे अप्पा नाही म्हणाले तर?"

"म्हणू देत की." तिनं तलवार खांद्यावर टाकली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ बघून हसली. "मी दारातच उभी असेन... ही घेऊन."